खिंडीतली मोजणी

९ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज गुरुवार उजाडला, तरी त्यातली एक बातमी डोक्यातून जात नाही.

एकोणीस तारखेला तुम्ही चौदा जण त्या उंच खिंडीच्या वरपर्यंत जाणार आणि यंदा माझ्या नातीलाही नेणार! अगं, मुंगी नऊ वर्षांची आहे. तिच्यापासून चौऱ्याहत्तरीच्या छत्रीवाल्या आजींपर्यंत सगळ्या वयाची माणसं तुमच्या टोळीत. एकाचा पाय घसरला तर कोण कोणाला धरणार? म्होरके कोण, तर ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवली म्हणून त्यांना डोंगरही चालवता येतो, हे तुला कोणी सांगितलं? आणि तुझे गुडघे काय म्हणतात? ते मला विचारत नाहीत, नाहीतर मी त्यांना केव्हाच घरी बसवलं असतं.

हसू नकोस. मला खरंच भीती वाटते. हे अंथरुणाला खिळलेले, मला घर सोडता येत नाही, मग बसल्या बसल्या नको नको ते मनात येतं.

त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की माझा मुलगा सगळ्यांत मागे चालतो. लाइनमनचं काम, रोज खांबावर चढतो, त्याला उंचीची सवय आहे. तो शेवटी असला की त्याची काळजी मला नसतेच आणि बाकीच्यांची अर्धी होते. मुंगीला त्याच्या नजरेसमोर ठेवा.

परत आलात की फोन करू नकोस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्मभर लोकांचं ऐकून माझे कान झिजले ते झिजलेच. फोन खालच्या शिंप्याकडे येतो आणि तो वर येऊन मला खुणांनी सांगतो. मागच्या वेळी त्याच्या खुणांवरून मला वाटलं तू गेलीस. तू फक्त दाढ काढली होतीस. पत्रच लिही.

ताई

१४ ऑक्टोबर

ताई,

गुडघे मजेत आहेत. तुला नमस्कार सांगतात.

आम्ही काही मेंढरांसारखे कसेही जात नाही गं. प्रत्येकाला नंबर असतो. एक म्हणजे ड्रायव्हरकाका, ते सगळ्यांत पुढे. मग ओळीने बाकीचे. मी बारा. जिथे थांबू तिथे पुढून मागे एकेकाने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. तुझा मुलगा चौदा. पण तो नेहमी तीस-चाळीस पावलं मागे असतो, कोणाचा हातमोजा पडला, कोणाची बाटली राहिली ते उचलत. म्हणून तर सगळे त्याला शेपूट म्हणतात. तो येऊन पोचेपर्यंत सगळ्यांनी कुडकुडत थांबायला नको म्हणून त्याचा नंबर तेराने म्हणायचा. मागे वळायचं, शेपूट दिसलं की 'चौदा' ओरडायचं. सहा वर्षं हे असं बिनबोभाट चाललंय.

यंदा तेरा आहे मुंगी. बापाचा नंबर आपण म्हणायचा म्हणून बाई इतक्या फुगल्यात की घरात उठता बसता 'तेरा! चौदा!' चालू असतं. तुझी सून म्हणते, डोंगराआधी मीच कुठेतरी निघून जाते.

मी ओळीत मुंगीच्या एक पाऊल पुढे असणार. आणि मोजण्याचं म्हणशील तर एवढ्या मोठ्या हॉस्पिटलच्या धोबीखान्यात रोज हजारभर चादरी मी मोजते. मोजणीची काळजी तू तरी करू नकोस.

खरं सांगू? मलाही थोडी धाकधूक आहे. रविवारी धुकं येईल असं आमच्या टोळीतला बेकरीवाला म्हणत होता. पण हे मी बोलून दाखवलं तर मलाच घरी बसवतील, म्हणून गप्प आहे.

तुझी धाकटी

२१ ऑक्टोबर

ताई,

तो जिवंत आहे. आधी हे एकदा नीट वाच, मग पुढचं वाच. खुणा करू नका, कागदावर लिहून द्या, असं मी शिंप्याला फोनवर तीनदा बजावलं होतं. त्याने ऐकलं असेल अशी आशा आहे.

वरपर्यंत सगळं छान झालं. ऊन होतं, पाव आणि अंडी खाल्ली, छत्रीवाल्या आजींनी सगळ्यांआधी माथा गाठून आम्हाला लाजवलं. उतरताना खिंडीच्या थोडं अलीकडे धुकं आलं. धोबीखान्यात बॉयलरचं झाकण उघडल्यावर समोरचं माणूस दिसेनासं होतं, तसं. पुढच्याची पाठपिशवी बघत बघत कसेबसे खिंडीत पोचलो. दीड वाजला होता. वारा असा, की उभं राहवेना. तिथे काकांनी मोजणी घेतली. एकपासून चौदापर्यंत नंबर पुरे झाले. आम्ही पुढे निघालो.

साडेतीनला खाली बसपाशी आलो. बसमध्ये चढताना काका प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतात. तेरा खांदे झाले. कोणीतरी थट्टा केली, की शेपूट झाडामागे गेलं असेल. आम्ही हसलो, ताई. दहा मिनिटं आम्ही हसत होतो. मग काका मोठ्याने हाका मारायला लागले आणि त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा आमचं हसू थांबलं.

काका आणि बेकरीवाला उलट वर गेले. एक जण खालच्या चौकीवर बचाव पथकाला बोलवायला धावला. मी, मुंगी आणि छत्रीवाल्या आजी बसमध्ये बसून. काचेबाहेर धुक्याशिवाय काही नाही. बाबा कुठे आहेत, हे मुंगीने एकदाही विचारलं नाही. सीटची दांडी घट्ट धरून नुसती दाराकडे बघत होती. तिने रडावं, ओरडावं, काहीतरी करावं, असं मला होत होतं.

पथकाला तो सापडला तेव्हा सात वाजत आले होते. कोणाचा तरी हातमोजा उचलायला वाटेबाहेर गेला आणि ओल्या गवतावरून घसरला. पंचवीस फूट खाली एका कपारीत अडकला होता. खिंडीपासून शंभर पावलंही लांब नाही ती जागा. साडेपाच तास तो तिथे पडून होता आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून चालत निघून गेलो.

गुडघ्याखाली हाड मोडून बाहेर आलंय. बरगड्याही मोडल्यात, म्हणून हाक मारता आली नाही. आमच्याच हॉस्पिटलात आहे. काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, जखमेत माती गेली होती, आठवडाभर काही सांगता येणार नाही. सून त्याच्याजवळ असते. मुंगी माझ्याकडे आहे.

चौदाचा पुकारा झाला होता, म्हणून कोणी मागे पाहिलं नाही. ते कसं झालं, काही कळत नाही.

तुझी धाकटी

२५ ऑक्टोबर

धाकटे,

शिंप्याने कागदावर लिहून आणलं होतं, 'मुलगा पडला, सापडला'. या तीन शब्दांवर मी पाच दिवस काढले. तुझं पत्र आज मिळालं. ह्यांना वाचून दाखवताना मधेच मी चष्मा पुसायला लागले, तर हे म्हणाले, पुढे वाच, पुढे वाच.

'काही सांगता येणार नाही' म्हणजे काय? पाय जाणार का? सरळ लिही. मला अंधारात ठेवू नकोस. रोज स्टोव्ह पेटवते आणि कशाला पेटवला ते विसरते. रस्त्यात कोणी कुबड्या घेऊन दिसलं तर खिडकी लावून घेते.

आणि चौदा म्हणालं कोण? समोर माणूस नसताना त्याचा नंबर पुकारणारा कोण तो? आधी नुसती चिडले. मग तुझं मागचं पत्र काढलं. त्यात तूच लिहिलंयस, चौदा तेराने म्हणायचं.

म्हणजे आपली मुंगी?

कोणी तिला काही बोललं असेल तर मला खपणार नाही, सांगून ठेव सगळ्यांना. पण मला खरं काय ते कळलं पाहिजे.

ताई

२८ ऑक्टोबर

ताई,

पायाचं आधी. बोटं काळी पडलीत. तापही आहे. शुक्रवारपर्यंत बघू, म्हणाले सर्जन, नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल. सरळ लिही म्हणालीस म्हणून लिहिलं. सुनेला अजून नीट सांगितलेलं नाही.

दुसरं. बुधवारी सगळे काकांच्या घरी जमले होते. काकांनी विचारलं, 'खिंडीत चौदा कोण म्हणालं?' काका एकदम पुढे होते, त्यांना नुसता बारीक आवाज ऐकू आला होता. मग हळूहळू सगळे मुंगीकडे बघायला लागले. ती खाली मान घालून बसली. काका फार मायेने म्हणाले, 'पोर आहे. धुक्यात काहीतरी हललेलं दिसलं असेल. तिची काही चूक नाही. एवढ्या लहान मुलीला हे काम द्यायला नको होतं, चूक माझी.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

कोणी तिला रागावलेलं नाही, याची खात्री बाळग. उलट बेकरीवाला रोज तिच्यासाठी बिस्किटं पाठवतो. ती खात नाही. दूध ठेवते ते तसंच गार होतं. जिन्याच्या पायऱ्या मोजते, एकदा वर, एकदा खाली, आणि आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यात दर चार पावलांना मागे वळते. हॉस्पिटलात नेलं तर वॉर्डाखालच्या जिन्यापाशी थांबते, वर येतच नाही. बाप विचारतो, मुंगी कुठाय, तर आम्ही सांगतो, सर्दी झालीय, तुला लागेल.

मला भीती वाटते, ताई. कामावर मोजलेलं पुन्हा मोजावं लागतं. नक्की कशाची भीती, ते विचारू नकोस.

तुझी धाकटी

३१ ऑक्टोबर

धाकटे,

तुझ्या पत्राबरोबर त्याच टपालाने मुंगीचंही पत्र आलं. पाकिटावर पत्ता तिनेच लिहिलाय, तिकीट उलटं लावलंय. तुला माहीत नसणार. तिने कोणाला सांगू नकोस म्हटलंय, तरी मी उतरवून पाठवते आहे. माझ्याने एकटीने हे पेलवत नाही.

'आजी, बाबा माझ्यामुळे पडले नाहीत, पण माझ्यामुळे सापडले नाहीत. मी चौदा म्हणाले. मला म्हटल्याचं आठवत नाही, पण काका म्हणाले की मी म्हणाले. मावशीआजी माझ्या जवळच होती. तीपण नाही म्हणाली नाही. म्हणजे मी म्हणालेच असणार. बाबांचा पाय कापला तर तो मी कापला असं होईल का? बाबांनी विचारलं तर काय सांगायचं ते लवकर लिही, कारण मी रोज जिन्यापर्यंतच जाते.'

काय लिहू मी हिला? सकाळपासून कागद समोर घेऊन बसले आहे. 'तुझी चूक नाही' असं लिहिलं, तर तिला वाटणार, आजीही काकांसारखंच गोड बोलते आहे.

एक गोष्ट मला सारखी टोचते. स्वतःच्या तोंडचा शब्द पोरीला आठवू नये? एवढी मोठी आरोळी? तू एक पाऊल पुढे होतीस. तुझे कान अजून शाबूत आहेत. मुंगीच्या तोंडून 'चौदा' तू ऐकलंस का?

हो की नाही, एवढंच लिही.

ताई

४ नोव्हेंबर

ताई,

नाही.

मुंगी म्हणाली नाही. मी म्हणाले.

खिंडीत दात वाजत होते. छत्रीवाल्या आजींचे ओठ निळे पडले होते, काका पुढून 'आटपा, आटपा' करत होते. मी बारा म्हणाले, मुंगी तेरा म्हणाली, मग मागे वळली आणि गप्प झाली. सगळे खोळंबले. तिने हळूच मला म्हटलं, 'मावशीआजी, बाबा दिसत नाहीत.' मी म्हणाले, 'येतोय गं मागून, जातोय कुठे तो.' आणि तिच्याऐवजी मीच ओरडले, 'चौदा!' मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

तुला वाटेल, धाकटी एवढी बेफिकीर कशी. ही माझी कामावरची खोड आहे. एखाद्या वॉर्डाच्या गाठोड्यात एक चादर कमी निघाली तर मी तक्त्यावर आकडा पुराच लिहिते. ती पुढच्या गाठोड्यात निघतेच. एकतीस वर्षांत निघाली नाही असं कधी झालं नाही. तुझा मुलगाही असाच, सहा वर्षं दर वेळी मागून आलाच.

काकांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात सगळे मुंगीकडे बघायला लागले आणि कोणी रागावलंही नाही. मला वाटलं, लहान आहे, विसरेल. माझं कळलं तर कोणी विसरणार नाही, आणि तू तर नाहीच. मला तुझी भीती वाटली, ताई. पाय गेला तर तू जन्मात माझं तोंड बघणार नाहीस, या भीतीने माझी पाचावर धारण बसली होती. मी मूग गिळून बसले आणि पोरीला पुढे केलं.

काल तुझं पत्र वाचलं आणि तशीच वॉर्डात गेले. कडेवर मळक्या चादरींचं गाठोडं होतं, ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. सून चहा आणायला गेली होती. मी म्हणाले, 'तुला एक सांगायचंय.'

तो म्हणाला, 'खिंडीतलं ना?'

मी गाठोडं खाली ठेवलं.

'मला ऐकू येत होतं, मावशी. कपारीत पडलो होतो, ओरडायला गेलो की बरगड्या टोचायच्या. वर तुमची मोजणी चालली होती. मनात म्हटलं, चालेल, चौदाला अडकतील, मग शोधतील. दहा झाले, अकरा झाले, तू झालीस, मुंगी झाली. मग सगळं शांत. वाटलं, सुटलो. आणि तुझा आवाज आला.'

मी त्याच्या पांघरुणाची कड सारखी करत राहिले.

'पडलो तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो. आमच्या कामात पडण्याची तयारी असते. पण माझा नंबर घेऊन तुम्ही निघालात, तुमचे आवाज लांब लांब जायला लागले, तेव्हा घाबरलो. लहान मुलासारखा घाबरलो गं.'

'मग इतके दिवस कोणाला बोलला का नाहीस?'

'तू बोलशील म्हणून.'

मुंगीचं त्याला काहीच माहीत नव्हतं. ते मी सांगितलं, तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तसाच म्हणाला, 'तिला वर आण आणि तिच्यासमोर सांग.'

तिला हाताला धरून जिना चढवला. पलंगापाशी, सुनेसमोर सगळं सांगितलं. मुंगी ऐकत होती. मग म्हणाली, 'म्हणजे मी मागे वळले होते?'

'वळली होतीस.'

'आणि बाबा दिसत नाहीत म्हणाले होते?'

'म्हणाली होतीस.'

'मला वाटलं, ते मी नंतर मनानेच बनवलं.'

एवढं बोलून बापाच्या उशीत तोंड खुपसून ती रडायला लागली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सून मला एवढंच म्हणाली, 'तुम्ही आता जा.' संध्याकाळी शेजारीण येऊन मुंगीचे कपडे आणि दप्तर घेऊन गेली.

आज काकांकडे सगळ्यांना बोलावून सांगितलं. काका उठले आणि थेट मुंगीकडे माफी मागायला गेले.

पाय राहिला. शनिवारी ताप उतरला. चालेल म्हणतात, पण खांबावर चढणं संपलं.

आता तू काय लिहिशील याची भीती वाटते. तरी लिही.

धाकटी

८ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. दोन्ही वेळा हे म्हणाले, आण इकडे, आणि उशीखाली ठेवून दिलं.

पाय राहिला, ही ओळ मी ह्यांना तीनदा वाचून दाखवली.

खिंडीतलं मी समजू शकते. वाऱ्यात मागे वळायचा कंटाळा माझ्यासकट कोणालाही येईल. पण रोज सकाळी तू त्या पोरीसमोर दूध ठेवलंस, ते गार होताना पाहिलंस आणि गप्प बसलीस. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मुलाच्या पायापेक्षा ते मला जास्त लागलं.

आणि तुला माझी भीती वाटली, हे वाचून मला माझीच भीती वाटली. असं मी काय केलंय तुला आजवर, की माझ्यापुढे उभं राहण्यापेक्षा तू पोरीला उभं केलंस? लहानपणापासूनचं सगळं आठवून बघते आहे. एकदोन गोष्टी आठवल्या. त्या कागदावर लिहिणार नाही.

मुंगीला वेगळं पत्र टाकलंय. त्यात तुझ्याबद्दल बरं-वाईट काही नाही. तिच्याशी काय ते तुझं तुलाच करायचंय, आणि ती लगेच बोलेल असं समजू नकोस.

नणंद ह्यांच्याजवळ राहायला येते आहे. मी पंधरा तारखेच्या गाडीने निघते. मुलाचं घर लहान, सुनेच्या डोक्यावर आधीच डोंगराएवढं काम, म्हणून तुझ्याकडेच उतरेन. पहिले दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस. तिसऱ्या दिवशी मी आपण होऊन बोलेन, तेव्हा रडत बसू नकोस म्हणजे झालं.

ताई